डब्यावरची परकी गाठ

"खरं सांगा वस्ताद, माझ्या पोरीला तुम्ही इथं काय चारता?"

"माती," रावजी वस्ताद म्हणाले, आणि फावडं चालवत राहिले.

पद्मजाला हसू आलं नाही. हा प्रश्न रात्रभर तिच्या उशाशी बसून होता. तिनं कूस बदलली की तोही कूस बदलत होता. सकाळी तिनं चंदनाला तालमीकडं पिटाळलं आणि थोड्या वेळानं स्वतःच मागोमाग आली. पोरी नदीच्या बांधावर पळायला गेल्या की वस्ताद एकटे कुस्तीच्या हौदातली माती उकरत असतात, हे तिनं हेरून ठेवलं होतं.

हेरायची तिला अलीकडं सवयच लागली होती.

तिच्या सासरचं, मगदुमांचं घर जैन. दिवस मावळायच्या आत जेवून घेणारं. अंडं त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नव्हतं. अकरा वर्षांच्या चंदनानं कुस्तीचा हट्ट धरला तेव्हा सासूबाईंनी फक्त बजावलं होतं, "अंगाला माती लागली तर धुता येईल. तोंडाला काही लागलं तर पोरगी दुसऱ्या दिवशी घरात."

दीर जिमला जाणारा. तो म्हणाला, "वहिनी, वरणभातावर दंड होत नसतात. ढेकर होतो."

पद्मजा बी.एस्सी. झालेली. ती ईर्ष्येला पेटली. चणे भिजवले. गव्हात सोयाबीन घालून दळून आणलं. मुगाची धिरडी, शेंगदाण्याचं कूट, दही, तूप, वाटलेले बदाम... काय काय केलं. देवाच्या आरतीलासुद्धा मनातल्या मनात डाळीतल्या प्रथिनांचा हिशेब चालायचा.

आणि पोरीचे दंड भरले. झग्याच्या बाह्या तटतटल्या. मांड्या लाकडासारख्या घट्ट झाल्या.

तिथूनच पद्मजाची झोप उडाली.

"माती नका सांगू," ती म्हणाली. "मी चेष्टा करायला आलेली नाही."

"मी तरी कुठं करतोय? बसा की, ताई."

ती बसली नाही. पिशवीतून तिनं डबा काढला. पितळी, फडक्यात बांधलेला.

"हा कालचा. मी अजून सोडलेला नाही. मी साधी गाठ मारते. चंदनाला तर गाठ मारताच येत नाही, नुसता बोळा करते. ही बघा."

वस्तादांनी फावडं टेकवलं. गाठ पाहिली. डोळे बारीक झाले.

"ही आमच्या कोमलची गाठ. लोहाराच्या पोरीची. चंदनाशी रोज लढणारी जोड."

"कोमल माझ्या पोरीचा डबा का सोडते?"

वस्ताद गाठीवरून बोट फिरवत राहिले.

"आणि फडक्याला अंड्याचा वास का येतो?"

वस्तादांनी फडकं नाकाशी नेलं. मान हलवली.

"येतोय खरा."

पद्मजानं डबा हौदाच्या काठावर ठेवला. ते नाही म्हणतील आणि आपण भांडू, अशी तयारी तिनं केली होती. हो म्हटल्यावर काय करायचं, ते ठरवलंच नव्हतं.

"तुम्ही स्वतः खाता?"

"मी मटणही खातो. रविवारी. त्यात लपवायचं काय?"

"म्हणजे झालंच की!"

"काय झालं?"

"तुम्हाला वाटत असणार, त्याशिवाय पोरीत ताकद येत नाही. तुम्ही कशाला तिला अडवाल? मैदानात पोरगी जिंकली तर नाव तुमच्या तालमीचं होणार."

"होणार की," वस्ताद म्हणाले.

या माणसाचं करायचं काय, तिला कळेना. कबूल करतोय की टाळतोय?

"ताई, चपला काढा."

"कशाला?"

"काढा तर."

तिनं काढल्या. मनात म्हटलं, आता हा मला काहीतरी मोठं शिकवणार, आणि मी भोळ्यासारखी मान डोलावणार. डोलवायची नाही.

"त्या कोपऱ्यात टाच दाबा."

तिनं दाबली. टणक. टाचेला कळ आली.

"आता इथं."

उकरलेल्या मातीत तिचं पाऊल घोट्यापर्यंत गेलं. गार वाटलं. ताकाचा, हळदीचा आणि तेलाचा वास वर आला.

"ताक दोन्हीकडं सारखंच घातलंय," वस्ताद म्हणाले. "तेल सारखं. लिंबं सारखी."

"मग?"

त्यांनी फावडं तिच्या हातात दिलं.

तिनं टणक कोपऱ्यात एक घाव घातला. ढेकूळ हललंसुद्धा नाही. दुसरा घातला. तिसऱ्याला पदर खोचला. थोड्या वेळानं तळहात हुळहुळायला लागले, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, आणि हातभर माती कशीबशी भुसभुशीत झाली.

"म्हणजे तुमचं म्हणणं, खाण्यानं काही होत नाही?" ती धापा टाकत म्हणाली.

"असं कुठं म्हटलं? ताक घातलं नाही तर नुसता फुफाटा उडंल."

"मग मेहनतीनं होतं, असं?"

"नुसत्या मेहनतीनं फावडं मोडंल."

"वस्ताद, तुम्ही माझं उत्तर टाळताय."

"होय."

तिनं फावडं आपटलं. "का?"

"मी नाही म्हटलं तर तुम्हाला पटंल?"

तिनं आपटलेलं फावडं उचलून खांबाला टेकवलं.

"पोरीला विचारलंत?"

"नाही."

"का वो?"

पद्मजानं पदरानं तोंड पुसलं. हे उत्तर तिनं नवऱ्यालाही दिलेलं नव्हतं.

"हो म्हणाली तर सासूबाई तिला उद्या घरात बसवतील. आणि नाही म्हणाली तर..."

"तर?"

"तर मला ते खरं वाटणार नाही."

वस्ताद हौदाच्या काठावर टेकले. बांधावरून पोरींचा कालवा जवळ येत होता.

"ताई, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा."

"ते चणे, सोयाबीन, बदाम... त्यानं अंग धरतं, असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं म्हणून तर घालते ना!"

"मग धरलं, तर भ्यालात का?"

पद्मजानं पायाखालची माती टाचेनं उकरली. दिराचा तो ढेकर तिला आठवला. चार महिने रोज पहाटे उठून ती त्या ढेकराला उत्तर देत होती, आणि आज उत्तर तयार झालं तर ती दिराच्याच बाजूनं भांडायला आली होती.

"काल आणखी एक बाई इथं येऊन गेली," वस्ताद म्हणाले. "तुम्ही उभ्या आहात तिथंच उभी होती. असंच कावून बोलत होती."

"कोण?"

वस्तादांनी बोट दाराकडं केलं. पोरी आत घुसल्या होत्या, घामानं निथळत, एकमेकींना ढकलत. सगळ्यांत पुढं चंदना आणि तिच्यापेक्षा बोटभर उंच असलेली कोमल. आईला हौदात अनवाणी बघून चंदना जागीच थबकली.

"आई? तू कुस्ती खेळणार?"

पोरी खिदळल्या. कोमल हसली नाही. तिची नजर डब्यावर गेली आणि ती हळूच खांबाआड सरकली.

पद्मजानं ते पाहिलं. चंदनाला विचारायचं तर आत्ता, सगळ्यांसमोर, नाहीतर आजची रात्र पुन्हा तशीच जाणार. नाही म्हणाली तर तिचा चेहरा वाचायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही, तोंडाचा वास घ्यायचा नाही... स्वतःला एवढं बजावून ती मातीनं माखलेल्या पायांनी पुढं झाली.

"चंदना, तू इथं अंडं खातेस?"

"नाही."

पद्मजा चेहरा वाचायला लागली. डोळ्यांत बघितलं. वाकली, आणि नकळत तिचं नाक पोरीच्या तोंडाजवळ गेलं.

"ताई," मागून वस्ताद म्हणाले, "आमच्यात पहिल्या दिवशी पोरींना डाव शिकवत नाहीत. भरवशानं पडायला शिकवतात."

ती तशीच वाकलेली राहिली.

चंदनानं आईच्या नाकाकडं बघितलं. मग खांबाआडच्या कोमलकडं. आणि कंटाळून म्हणाली,

"कोमलची आईपण रोज असाच तिचा वास घेते. म्हणते, तुला अंडी खाऊ घालून घालून मी दमले, तरी ती मगदुमांची पोरगी तुला पाडते. घरात तिला चोरून काय चारतात, तिचा डबा सोडून नीट बघून ये."