एकच नकाशा

निवृत्त न्यायाधीश वर्तक दूधवाल्यालाही उलटतपासणीशिवाय सोडत नसत. घराच्या सजावटीचं काम करू पाहणाऱ्या केतकीने एकच नकाशा पुढे ठेवला, तसे त्यांचे डोळे बारीक झाले.

“बाकीचे डिझायनर तीन-तीन नकाशे दाखवतात. उरलेले दोन कुणासाठी दडवलेत? खरं सांगा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो.”

“साहेब, मी तुमचं ऐकलं, बाईसाहेबांचं ऐकलं, घर नीट पाहिलं आणि मगच हा काढला. माझा वेळ वाचतो, धंदाही बरा चालतो. तुम्ही दोन्ही बाजू ऐकून तीन निकाल लिहायचात का, आवडेल तो उचला म्हणून?”

वर्तक नकाशातच खोट शोधत राहिले.

स्वयंपाकघरातून वर्तकांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, सही करा! या घरात अपील माझ्याकडे येतं, आणि मी ते फेटाळलंय.”