चार बोटांचं सीमोल्लंघन

फार पूर्वी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही धड आठवणार नाही अशा काळी, एका शहरात एक जुनी बाजारपेठ होती. तिथल्या दुकानदारांची एक रीत होती. दसऱ्याला सोनं वाटून झालं की जो तो आपल्या दुकानापुढची फळी चार बोटं पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "झालं बुवा सीमोल्लंघन!"

चार बोटांनी कुणाचं काय जातं? पण अशी चार चार बोटं करत पेठेचा पार बोळ झाला. समोरून माणूस आला की एकाला उलट पावली जावं लागे. गिऱ्हाईक कंटाळलं आणि वेशीबाहेरच्या नव्या बाजाराकडे वळलं.

या पेठेत एक विधवा कासारीण होती. बांगड्या भरायच्या तर बाईला निवांत बसवावं लागतं. इथे मागून धक्के बसत आणि चढता चढता बांगडी फुटे. दुपार टळली तरी भवानी होत नसे. दुकान बंद करून कायमचं भावाच्या दारात जाऊन राहायची पाळी आली होती.

दुकानदार राजाकडे गेले. "महाराज, पेठेला रंग द्या, कमान उभारा!"

राजाने रस्ते आखणारा एक म्हातारा पाठवला. तीन दिवस तो नुसता पेठेच्या तोंडाशी बसून माणसं बघत राहिला. मग म्हणाला, "रंगानं काही व्हायचं नाही. फळ्या दोन-दोन हात मागे घ्या. माणूस आधी थांबतो, मग बघतो, मग घेतो. तुम्ही त्याला थांबायलाच जागा ठेवली नाही."

"आधी अत्तरवाल्याला सांगा!" तांबट म्हणाला.

"वा रे वा, आधी तांबटानं घ्यावी!" अत्तरवाला म्हणाला. शहाणे सगळेच होते, पण पहिलं कुणालाच व्हायचं नव्हतं. म्हाताऱ्याने हात जोडले आणि तो धर्मशाळेत जाऊन बसला.

दसरा आला. सगळे फळ्या सरसावून उभे राहिले. कासारणीने मात्र आपली फळी उपटली आणि दोन हात मागे रोवली.

"काकू, डोकं फिरलं का? आजच्या दिवशी मागे?" तांबट ओरडला.

"पुढे जाऊन बघितलं की रे इतकी वर्षं!"

तांबटाने लगेच मोकळ्या जागेत आपला हंडा आणून ठेवला. तिने तो उचलून त्याच्या दारात नेऊन दिला. "हा तुझा. इथे माझं गिऱ्हाईक बसणार आहे."

तिने तिथे सतरंजी अंथरली. दुसऱ्या दिवशी दमलेल्या दोघी जावा तिथे टेकल्या. एकीने बांगड्या भरल्या. दुसरी बसल्या बसल्या इकडेतिकडे बघत होती, तिला तांबटाची कळशी आवडली आणि तिने ती घेतली.

संध्याकाळी तांबट मान खाली घालून आला. "काकू, माझी फळी काढायला जरा हात लावता का?"

मग अत्तरवाला आला, मग त्याचा शेजारी. म्हाताऱ्याने मोकळ्या जागेत दगडी बाक बसवले, पाणपोई घातली, सावलीला कडुनिंब लावले. दिवाळीत पेठ माणसांनी फुलून गेली.

कासारणीने भावाला निरोप धाडला, "भाऊबीजेला येते. पण दोनच दिवस हं, इथे बायका खोळंबतात."

तात्पर्य: पुढे सरकायला सगळेच टपलेले असतात, पण जो आधी मागे सरतो, तोच सगळ्यांची वाट मोकळी करतो.