सुळकीच्या घराला भोक

कान इकडे करा, हात मांडीवर ठेवा. गोष्ट एवढीशी आहे, पण खरी शूर आहे.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव सुळकी. केवढीशी? माझ्या अंगठ्यापेक्षा जरा लांब. चालायची कशी? सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

सुळकीला चार पिल्लं. ती राहायची मोरीजवळच्या बिळात. बीळ ओलं. बीळ उघडं. मनी मांजर रोज यायची. फूं फूं, हुंगून जायची.

सुळकीनं ठरवलं, नवं घर घ्यायचं.

ती गेली गजरामावशीकडे. गजरामावशी कुंभारीण. तिच्या घरात झुरळंच झुरळं. सुळकीनं महिनाभर झुरळं खाल्ली. मटक मटक, मटक मटक. एक झुरळ ठेवलं नाही. मग मावशीनं तिला मडकं दिलं. पालथं मडकं, लालचुटुक. काठाला बोटभर दार. त्यातून सुळकी जाईल. मनीचा पंजा जाणार नाही.

झालं की हो सुळकीचं स्वतःचं घर. कष्टाचं घर. कडुलिंबाखाली ठेवलं. पिल्लांना आणायचं दसऱ्याला, चांगल्या दिवशी.

दसरा आला. सगळी हत्यारं पूजेला बसली. सगळ्या गाड्यांना हार घातले.

रंगाकाकाचा होता टेम्पो. काकानं टेम्पो धुतला. हार घातला. एक हार पुढं. एक हार आरशावर. हाराखाली आरसा झाकला गेला. काकाला मागचं काही दिसेना. काका टेम्पो सावलीत घ्यायला निघाला. मागे, मागे, मागे. टीं टीं, टीं टीं.

टक्क.

सुळकीच्या घराचा टवका उडाला. घराला भोक पडलं. किती मोठं? मनीच्या पंजाएवढं.

आता पिल्लांना आणायचं कसं?

सुळकी रडली का? थोडीशी रडली. मग तिनं नाक पुसलं आणि निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"रंगाकाका, रंगाकाका, भोक बुजव.
भोक बुजलं, की पिल्लं घरी."

रंगाकाका खाली बसला. त्यानं भोक पाहिलं. कान धरला.
"चूक माझीच गं. मी बुजवतो. पण माती कुठाय? गजरामावशी माती देईल, तर मी भोक बुजवीन."

सुळकी गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"गजरामावशी, गजरामावशी, माती दे.
माती रंगाकाकाला.
रंगाकाका भोक बुजवील.
भोक बुजलं, की पिल्लं घरी."

गजरामावशी हळहळली. दुसरं मडकं तिच्याकडे नव्हतं. सगळी मडकी नवरात्रात खपली होती.
"माती देते. पण माझं चाक पूजेला बसलंय. पूजेआधी मातीला हात नाही लावायचा. येसूदादा हार देईल, तर मी माती देईन."

सुळकी गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

येसूदादा माळी. त्याच्यासमोर झेंडूचा ढीग. पिवळा पिवळा ढीग.

"येसूदादा, येसूदादा, हार दे.
हार गजरामावशीला.
गजरामावशी माती देईल.
माती रंगाकाकाला.
रंगाकाका भोक बुजवील.
भोक बुजलं, की पिल्लं घरी."

येसूदादानं हात झटकले.
"फुलं आहेत. पण माझी सुई मोडली. दामूमामा सुई-दोरा देईल, तर मी हार देईन."

सुळकी दमली होती. पाय एवढे एवढे, गल्ली केवढी लांब. पण बसली का? नाही बसली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

दामूमामा शिंपी. त्याचं दुकान गल्लीच्या टोकाला, अगदी उताराखाली.

"दामूमामा, दामूमामा, सुई-दोरा दे.
सुई-दोरा येसूदादाला.
येसूदादा हार देईल.
हार गजरामावशीला.
गजरामावशी माती देईल.
माती रंगाकाकाला.
रंगाकाका भोक बुजवील.
भोक बुजलं, की पिल्लं घरी."

दामूमामानं चष्मा वर केला. बराच वेळ तो सुळकीकडे बघत राहिला. एवढीशी चिचुंद्री आणि एवढं सगळं पाठ.
"सुई-दोरा मशीनपुढं पूजेला ठेवलाय. नारळ फुटल्याशिवाय उचलत नाही. वेणूकाकू नारळ देईल, तर मी सुई-दोरा देईन."

सुळकी पुन्हा चढ चढली. सुळुक... सुळुक... सुळुक... सुळुक...

वेणूकाकू नारळवाली. दारात पाट टाकून बसली होती.

"वेणूकाकू, वेणूकाकू, नारळ दे.
नारळ दामूमामाला.
दामूमामा सुई-दोरा देईल.
सुई-दोरा येसूदादाला.
येसूदादा हार देईल.
हार गजरामावशीला.
गजरामावशी माती देईल.
माती रंगाकाकाला.
रंगाकाका भोक बुजवील.
भोक बुजलं, की पिल्लं घरी."

वेणूकाकूनं कपाळाला हात लावला.
"नारळ आहेत गं बाई. पण पोत्यात आहेत. पोतं आहे टेम्पोत. आणि टेम्पो बसलाय पूजेला. आता मी हात लावायचा नाही. रंगाकाकानंही हात लावायचा नाही."

घ्या. फिरून फिरून भोपळे चौकात. आता कुणाला विचारायचं? कुणीच उरलं नाही.

ऊन उतरायला लागलं. तिकडे भिंतीवर मनी उठली. तिनं आळस दिला. मनी बिळाकडे बघायला लागली.

सुळकीनं टेम्पोकडे पाहिलं. मग तिनं एकच विचारलं.
"काकू, मी हात लावला तर?"

वेणूकाकूनं विचार केला. माणसांनी हात लावायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. चिचुंद्रीनं लावायचा नाही, असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.
"लाव की," काकू म्हणाली.

सुळकी टेम्पोत चढली. पोत्याला होती गाठ. घट्ट गाठ. सुळकीनं गाठ दातात धरली. ओढली. सुटली नाही. पुन्हा ओढली. सुटली नाही. पाय रोवले, डोळे मिटले आणि ओढली.

सुटली.

एक नारळ बाहेर आला. टेम्पोची फळी उघडी. खाली गल्ली उताराची. नारळ निघाला. गडगड गडगड, गडगड गडगड. मागं सुळकी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. नारळ थांबला कुठं? थेट दामूमामाच्या पायरीशी.

मूर्ती लहान, पण कीर्ती महान म्हणतात ना, ती ही अशी.

मग काय झालं?

दामूमामानं नारळ फोडला. फट्.
नारळ फुटला, दामूमामानं सुई-दोरा दिला.
सुई-दोरा मिळाला, येसूदादानं हार केला. सरसर सरसर.
हार मिळाला, गजरामावशीनं चाक पुजलं. ओली माती घेतली. थपक थपक.
माती मिळाली, रंगाकाकानं बाह्या सरसावल्या.

बघायला सगळी गल्ली आली. पुढं सुळकी, मागं सगळे. रंगाकाकानं भोकावर माती लावली. बाहेरून लावली. आतून लावली. बोट पाण्यात बुडवलं आणि गुळगुळीत केलं. लिप लिप, लिप लिप. मग टेम्पोची पूजा उरकली आणि आरशावरचा हार काढून पुढं घातला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

दसऱ्याचं ऊन, उतरलं तरी कडक. माती वाळली टणटणीत. भोक बुजलं.

भोक बुजलं, की...?

बरोबर. पिल्लं घरी.

सुळकी बिळाकडे धावली. सुळुक सुळुक सुळुक सुळुक. पहिल्या पिल्लानं आईची शेपटी दातात धरली. दुसऱ्यानं पहिल्याची. तिसऱ्यानं दुसऱ्याची. चौथ्यानं तिसऱ्याची. निघाली चिचुंद्र्यांची आगगाडी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

भिंतीवरून मनीनं उडी मारली. धप्प.

सुळकी मागं बघेना. दार आलं. सुळकी आत. पहिलं आत. दुसरं आत. तिसरं आत. चौथं... चौथ्याची शेपटी बाहेर राहिली. सुळकीनं सगळ्यांना एक हिसका दिला.

चौथं आत.

मनी आली. तिनं दारात पंजा घातला. गेला नाही. मडक्याच्या बाजूला घातला, जिथं ओल्या मातीचा वास येत होता. खरड खरड. टणटणीत. पुन्हा खरड खरड. तशीच टणटणीत. मनी शेपटी उडवत निघून गेली.

आत अंधार होता. कोरडा अंधार, उबदार अंधार. चार पिल्लं आईला बिलगली. सुळकीनं आजवर रोज एक डोळा उघडा ठेवून झोप घेतली होती.

त्या दिवशी तिनं दोन्ही डोळे मिटले.

गोष्ट आमची निजली, तुमचीही पापणी मिटली.