सादकड्यावरचा ध

जरा मधे सरकून बसा मंडळी, होडी कलली की तुमचे मोबाईल खाडीला जातील. तो समोर काळा कडा दिसतो ना, तो सादकडा. भरतीचं पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर, ताटाएवढ्या खोलगट जागेत एकच अक्षर कोरलंय बघा: ध. गेल्या साली एका कॉलेजातले सर आले होते. अक्षर पाहताच म्हणाले, ‘ध म्हणजे ध्वनी. आमच्या शास्त्रातही न बदलणाऱ्या गोष्टींना असं एकेक अक्षर दिलेलं असतं.’ अर्धं बरोबर होतं त्यांचं. गोष्ट न बदलणारी, हे खरंच. पण हा ध ध्वनीचा नव्हे. आमच्या सुळेबंदरात असले जड शब्द कुणी बोलत नव्हतं. आम्ही सादच म्हणतो.

शिडाच्या होड्या होत्या तेव्हाची हकिगत. माघात खाडीच्या तोंडावर असं धुकं पडायचं की उभ्या माणसाला स्वतःचे पाय दिसू नयेत. कड्यापुढे पाण्याखाली सुळक्यांची रांग आहे. धुक्यात आत शिरावं तर जिवाशी गाठ, बाहेर थांबावं तर मासळी सडते. त्या काळी जोमा नावाचा एक नाखवा होता. नाखवा म्हणजे होडीचा धनी. माणूस मोठा सावकाश. घास चावायलाही वेळ घेणार आणि शब्द उच्चारायलाही. त्यानं एक गोष्ट हेरली, असं सांगतात. हाक हळू मारा नाहीतर बेंबीच्या देठापासून मारा, शंख फुंका नाहीतर ढोल बडवा, कड्यावरून साद परत येते ती एकाच चालीनं, ना भरभर ना सावकाश. मग एका निवळ दिवशी त्यानं सुळक्यांच्या अलीकडे नांगर टाकला, शंख फुंकला आणि मोजायला लागला. पाच म्हणताना साद परत आली. कितीदाही करून पाहिलं तरी पाचच. तेव्हापासून ठरलं, धुक्यात शंख फुंकायचा आणि मोजायचं. साद पाचाच्या आत आली तर सुळके जवळ आले, सुकाणू फिरवायचं.

गावानं जोमाला डोक्यावर घेतलं. गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा त्याचा. त्यालाही ते गोड लागलं, माणूसच तो. पाथरवट बोलावून त्यानं कड्यावर ताटाएवढा ५ कोरून घेतला. ‘जोमाचे पाच’ म्हणून लेकरंसुद्धा घोकू लागली.

जोमाचा धाकटा भाऊ धनू. आईबाप गेल्यावर जोमानंच त्याला वाढवलेला. थोरला जितका संथ तितका हा उतावळा. पायाला भिंगरी, आणि जीभ त्याहून पुढे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जोमानं त्याला वेगळी होडी करून दिली आणि पहिल्या खेपेला निघताना विचारलं, "आकडा ध्यानात हाय ना?"

धनू हसला म्हणे. "दादूस, पाच इसराला मी काय येडा हाय?"

परतताना धुकं पडलं आणि धनूची होडी सुळक्यांवर फुटली. धनू गेला. बरोबरचा पोसू तेवढा फळीला धरून किनाऱ्याला लागला. जोमाला ते खरंच वाटेना. माझा आकडा चुकणार नाही, यानंच मोजलं नसेल, असं तो म्हणत राहिला.

"मोजला रं, मोजला," पोसू म्हणाला. "पाच झाले तरी साद आली नाय, म्हून होडी पुढं घेतली."

कसं मोजलं ते दाखव, असं जोमानं म्हटलं. पोसूनं धनूसारखंच मोजून दाखवलं, एका दमात, घोडं उधळल्यागत. त्याचे पाच झाले तेव्हा जोमाच्या ओठांवर जेमतेम दोन होते. सादेची चाल बदलली नव्हती, कडाही हलला नव्हता. भावाची जीभ आपल्यासारखी चालत नाही, एवढंच जोमाच्या ध्यानात आलं नव्हतं. कौतुकाच्या भरात गावातही कुणाच्या आलं नाही. आमच्या पूर्वजांची ही चूक सांगताना मला आजही वाईट वाटतं, कारण कुणीही एकदा शेजारी बसून त्याला मोजायला लावलं असतं तर धनू वाचला असता.

धनूची बायको नागू दारात बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "भावजी, आकडा दिलाव, मोजाला का नाय शिकवलाव?"

जोमा छिन्नी घेऊन कड्यावर गेला आणि ५ खरवडू लागला, तो असा की दगडाला खळगा पडला तरी थांबेना. पण सादेची चाल तर खरी होती, ती विसरूनही भागणार नव्हतं. पंचांनी ठरवलं, तिला नाव असावं, आकडा नको. आकडा ज्याचा त्यानं शोधावा. त्या खळग्यात धनूचं नाव कोरावं असं जोमाच्या मनात आलं, आणि तो नागूकडे विचारायला गेला. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे.

"एक अक्षर घ्या," ती म्हणाली. "बाकीचा माज्यासाठी ऱ्हाऊ द्या."

तो हा ध. जोमानं नंतर कधी शंख तोंडाला लावला नाही. टोपल्या मोजायची वेळ आली तरी तो उठून जायचा, असं सांगतात.

आता होड्यांना इंजिनं आली, पडद्यावर नकाशा दिसतो. तरी आजही नव्या नाखव्याला निवळ दिवशी सुळक्यांच्या अलीकडे नांगर टाकून आपला ध आपणच मोजावा लागतो. कुणाचा सहा निघतो, कुणाचा बारा. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी सांगत नाही. बाप तेवढा किनाऱ्यावर येतो. शंख वाजला की त्याचे ओठ आपोआप हलू लागतात, आणि पोराला ते दिसू नयेत म्हणून तो खाडीकडे पाठ करून उभा राहतो.