प्लगचा अनुभव

मोटारसायकलीच्या भागांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. दिगंबररावांची डर्ट बाइक अंगणात रुसली, की सगळ्यात आधी प्लगची मानगूट धरली जायची. त्या दिवशीही त्यांनी प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, फुंकला आणि परत बसवला. किक मारमारून घाम फुटला, तरी इंजिन ढिम्म!

“अहो, किती सोलाल मला?” प्लग कळवळला. “माझा काही दोष नाही. पेट्रोलचा कॉक बघा की!”

कॉक ओशाळला. “काल गाडी धुताना बंद केलं मला. नंतर कुणी उघडलंच नाही.”

दिगंबररावांनी गुपचूप कॉक फिरवला. पहिल्याच किकला गाडी गरजली. शेजारी धावत आले. “काय झालं होतं हो?”

“प्लग! जरा घासला, झाली सुरू,” दिगंबरराव म्हणाले.

कॉकने चकित होऊन प्लगकडे पाहिलं. “फिरवलं मला, आणि नाव तुझं?”

“अनुभव लागतो बाबा,” प्लग ऐटीत म्हणाला.