मैनाच्या कासेचं औषध

एका गावात एक भोळा गुराखी होता, म्हाळू त्याचं नाव. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. गावाला धास्ती होती ती त्याचीच.

त्याच्या मैना म्हशीची कास सुजली. घर चालायचं तिच्याच दुधावर. बायको गोदा रडकुंडीला आली. म्हणाली, "अवं, शाळेत दूध तपासणाऱ्या मॅडम आल्यात. मैनाचं दूध दाखवून या."

म्हाळूने बादली नेली.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, एक थेंब पुरे. त्यात भरपूर पाणी घालायचं. मग दुधातल्या बारीक पेशी सुट्या होतात."

दुसऱ्या दिवशी शेजारणीचं दूध डेअरीत पोचवायचं होतं. म्हाळूने एक थेंब घेतला आणि कॅनभर पाणी घातलं.

डेअरीवाला म्हणाला, "पाणी घालू नकोस रे बाबा. म्हशीकडनं जसंच्या तसं आण."

मॅडमनी पुन्हा नमुना मागितला. म्हाळू मैनालाच शाळेत घेऊन गेला. म्हणाला, "पाणी घातलेलं नाही."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग थेंबभर दूध काढून यंत्रात सोडलं. "बघा, एकेक पेशी उजेडासमोरून जाते. रंग लावायचा नाही, खूण करायची नाही. आजाराच्या पेशीवरून उजेड जास्त फाकतो. मैनाच्या दुधात तशा पुष्कळ आहेत. हे औषध संध्याकाळी पाजा."

म्हाळूने बाटली कमरेला खोचली आणि मैनाला कळपात सोडलं. दिवसभर बसून त्याने चाळीस म्हशींच्या शिंगांचा रंग खरवडला. कानातले बिल्लेही कापले. रंग नको, खूण नको. दिवेलागणीला वेशीत उभा राहून एकेक म्हैस टॉर्चसमोरून सोडू लागला. म्हशी काळ्या कुळकुळीत, उजेड फाकतोय कुठला! आपली म्हैस कुठली ते कुणालाच कळेना. गाव नुसतं पेटलं.

गोदाने हाक मारली, "मैने!" मैना हंबरत आली.

"पाजा हिला औषध."

"हिला काही झालेलं नाही. उजेड फाकला नाही."

एवढ्यात सरपंच तावातावाने आले. घाम पुसायला टोपी काढली. टॉर्चचा झोत टकलावर पडला आणि उजेड पार पिंपळाच्या शेंड्यापर्यंत फाकला.

म्हाळूने त्यांची मान वर केली, जबडा उघडला आणि बाटली रिकामी केली.

मॅडमनी दुसरी बाटली गोदाच्याच हातात दिली. मैना आठवड्यात बरी झाली.

म्हाळू मात्र रोज सकाळी बादली घेऊन सरपंचांच्या दारात बसतो. म्हणतो, "औषध लागू पडलंय. आज ना उद्या दूध देतील."