फारसीतली दवंडी

वेळूरगडच्या दिवाणांनी फर्मान काढलं. आजपासून राज्यात भाषा एकच, दरबाराची फारसी. बाजारातही तीच आणि देवळातल्या आरतीलाही तीच. दुसरी भाषा कानावर आली तर पंचवीस फटके.

गोंदा दवंडीवाल्यानं मुनशीकडून फर्मान घोकून घेतलं आणि डफ बडवत गावभर फारसीतच ओरडून आला. लोकांनी मोठ्या कौतुकानं ऐकलं आणि संध्याकाळी रोजच्यासारखी मराठीत आरती म्हटली.

दिवाणांनी गोंदाला राजापुढे उभं केलं. "महाराज, हा राजद्रोही आहे. यानं हुकूम लोकांना कळूच दिला नाही."

"मग मराठीत सांगून ये," राजा म्हणाला.

गोंदानं अंगरखा काढून पाठ पुढे केली. "आधी फटके मारून घ्या, महाराज. मराठीत बोललो की हुकूम मोडणारा पहिला मीच. आणि निष्ठेचं म्हणाल, तर पारसाल गनीम आला तेव्हा मी मराठीतच हाक दिली होती. आरती अर्धी टाकून अख्खं गाव वेशीवर धावलं होतं."

राजानं दिवाणांच्या हातातून फर्मान काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोंदानं नवी दवंडी दिली, ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत देवाला आळवावं. ती एकदाच द्यावी लागली.